मागच्या बाकावरची शिफारस

किशोरवयीन वाचक आपल्याच वयाच्या दुसऱ्या वाचकाला पुस्तक सुचवतो, तेव्हा तो फारसे बोलत नाही. कथानक सांगत नाही, लेखकाचे मोठेपण सांगत नाही आणि पुस्तकातून काय शिकायला मिळते हे तर मुळीच सांगत नाही. "वाच तू, मग बोलू," एवढेच म्हणतो. फार तर, "पहिली वीस पानं जरा बोअर आहेत, पण सोडू नकोस," अशी एखादी सूचना. पुस्तक दप्तरातून निघते ते वह्यांच्या मधून. कोपरे दुमडलेले, कधी पाठ्यपुस्तकाचे खाकी कव्हर घातलेले. देणाऱ्याच्या चेहऱ्यावर बेफिकिरी असते आणि ती पुष्कळदा ओढूनताणून आणलेली असते. पुस्तकाबरोबर त्याने स्वतःचेही काहीतरी पुढे केलेले असते. आठ दिवसांनी पुस्तक न वाचता परत आले, तर त्याला नुसत्या पुस्तकाचा नकार वाटत नाही. वाचून आले आणि परत करणाऱ्याने नुसतेच डोळे मोठे केले, तर मात्र दोघांमध्ये एक खाते उघडते. ते पुढे कित्येक वर्षे चालते.

अशी खाती शहरातल्या मोठ्या दुकानांपेक्षा लहान वसाहतींत अधिक उघडतात. नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे निघाले की धुराडी आधी दिसतात आणि गाव नंतर. गोदावरीकाठच्या या गावाशेजारी १९७० साली औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. पुढे संच वाढले, वसाहत वाढली. पहिले दोन संच आता बंद आहेत. २१० मेगावॉटचे तीन संच उरले आहेत. परिसरात या सगळ्याला 'थर्मल' एवढ्या एका शब्दाने ओळखतात. वीजकेंद्राच्या वसाहतीतली घरे बदलीवर चालतात. कोणी कोराडीहून आलेले असते, कोणी परळीहून, कोणी चंद्रपूरहून. आठवीच्या अर्ध्यावर एखादा मुलगा वऱ्हाडी वळणाची भाषा घेऊन नव्या वर्गात येऊन बसतो. त्याची ओळख व्हायला दोनच वाटा असतात. एक मैदानातून जाते. दुसरी, मैदानावर ज्यांना शेवटी घेतले जाते त्यांची, पुस्तकातून. "तू फास्टर फेणे वाचलेत का?" हा प्रश्न वरकरणी पुस्तकाबद्दलचा असतो. खरे तर विचारणारा आपल्या जातकुळीचे कोणी या गावात आहे का, हे चाचपून पाहत असतो.

या भागाला छपाई नवी नाही. नाशिकरोडचा इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासूनचा आणि शेजारचा नोटांचा छापखाना १९२८ पासूनचा. तिकिटे, मुद्रांक, पारपत्रे, नोटा यांनी या परिसरातल्या कित्येक घरांच्या चुली पेटवल्या. पण तिथे छापलेला कागद वाचायचा नसतो, मोजायचा असतो. वाचायचा कागद मुलांना स्वतःच शोधावा लागतो, आणि तो शोध बहुतेक वेळा मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या दप्तराशी येऊन थांबतो.

मोठी माणसेही पुस्तके सुचवतातच. वाढदिवसाला, बक्षीस समारंभात, दहावीच्या निकालानंतर ठराविक पुस्तके घरात येतात आणि त्यांच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत शुभेच्छा असतात. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आले. तेव्हापासून ते अशा किती हातांतून दिले गेले, याची मोजदाद होणार नाही. पुस्तक उत्तमच आहे. पण बक्षीस म्हणून आलेल्या पुस्तकाला एक अडचण चिकटलेली असते. देणाऱ्याला त्यातून मूल कसे व्हावे याची कल्पना असते, आणि ती कल्पना मुलाला कव्हरावरच दिसते. त्यामुळे ते कपाटात जाते आणि पुष्कळदा दोन वर्षांनी, एखाद्या मैत्रिणीने "अगं, तुझ्याकडे आहे ना ते, वाच की!" म्हटल्यावर बाहेर येते. पुस्तक तेच, शिफारस करणारे तोंड वेगळे. तेवढ्याने पुस्तकाचे वय दहा-पंधरा वर्षांनी कमी होते.

या बाबतीत 'श्यामची आई'चे नशीब सगळ्यात विलक्षण आहे. एकलहऱ्याहून शहराकडे जाताना नाशिकरोडचे मध्यवर्ती कारागृह लागते. साने गुरुजी सत्याग्रही कैदी म्हणून तिथे असताना १९३३ च्या फेब्रुवारीत हे पुस्तक लिहिले गेले. महाराष्ट्रात थोरांनी लहानांना सर्वाधिक दिलेले पुस्तक कोणते, असे विचारले तर बहुधा याच पुस्तकाचे नाव निघेल. त्यामुळे चौदाव्या वर्षी त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. रडवणारे, संस्कार करणारे, आजीच्या आवडीचे. त्याची रचना मात्र कोणी फारशी लक्षात घेत नाही. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या सोबत्यांना गोष्ट सांगतो, दुसऱ्या रात्री पुढची, तिसऱ्या रात्री त्यापुढची. ऐकणारे त्याचे मित्र आहेत. तो स्वतःच्या चोऱ्या, हट्ट, लाज, भित्रेपणा त्यांच्यापुढे मांडतो आणि ते दुसऱ्या दिवशी पुन्हा जमतात. म्हणजे वडीलधाऱ्यांनी सर्वाधिक सुचवलेले पुस्तक मुळात मित्राने मित्रांना सांगितलेले आहे. हे एकदा ध्यानात आले की ते वेगळ्या कानांनी ऐकू येते.

मराठी ग्रंथालयांत कपाटांची एक ठरलेली मांडणी असते. एका बाजूला बालवाङ्मय, तिथे चित्रे आणि मोठा टाइप. दुसऱ्या बाजूला कथा-कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन. तेरा ते अठरा वयाचा वाचक या दोन कपाटांच्या मधल्या जागेत उभा असतो आणि त्या जागेत सहसा खिडकी असते किंवा सूचनाफलक. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न प्रथम मासिकांनी केला. वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' १९०६ चे. त्यानंतर भा. रा. भागवतांचे 'बालमित्र' आणि घरोघरी येणारा 'चांदोबा'. १९७१ साली बालभारतीने 'किशोर' सुरू केले. त्याचे जुने अंक आता बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, त्यामुळे मुलांच्या दृष्टीने ते पुन्हा ताजे झाले आहेत. साने गुरुजींनी १९४८ मध्ये स्थापन केलेल्या 'साधना' साप्ताहिकाचा बालकुमार दिवाळी अंक आणि अलीकडचे 'वयम्' ही नावेही याच ओळीतली. मासिकांचा एक गुण असा की त्यांची शिफारस करावी लागत नाही. ती येतात आणि पडून राहतात. कंटाळलेला मुलगा कधीतरी उचलतो, आणि त्यातल्या एखाद्या कथेखालचे लेखकाचे नाव त्याला पुढच्या पुस्तकाकडे नेते.

कादंबरीच्या बाजूने पाहिले तर पहिले ठसठशीत नाव फुरसुंगीच्या बनेश फेणेचे. भा. रा. भागवतांनी घडवलेला हा किडकिडीत मुलगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल भन्नाट चालवतो आणि जिथे जाईल तिथे संकट त्याची वाट पाहत असते. 'फास्टर फेणे' हे त्याचे नाव आणि 'टॉक्' ही त्याची खूण. पुस्तके वीस. कधी जंगल, कधी चक्रीवादळ, कधी काश्मीर, कधी प्रतापगड. १९८७ मध्ये दूरदर्शनवर मालिका आली, त्यात सुमीत राघवन फेणे झाला. २०१७ मध्ये अमेय वाघचा चित्रपट आला आणि त्या निमित्ताने काही घरांतल्या जुन्या प्रती माळ्यावरून खाली उतरल्या. फेणेची शिफारस करणे सोपे असते, कारण ती एका पुस्तकाची नसते. एक आवडले की पुढची एकोणीस आपोआप मागितली जातात, आणि ज्याच्याकडे संच आहे त्याचे वर्गातले वजन तेवढा काळ वाढलेले असते. भागवतांनी ज्यूल व्हर्नही मराठी मुलांपुढे आणला. फेणेच्या वाचकाला 'चंद्रावर स्वारी' सुचवणे म्हणजे त्याच लेखकाचे बोट धरून एक इयत्ता वर जाणे. फेणेनंतर तिकडे वळलेला वाचक बहुधा जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'पर्यंत पोचतो आणि मग काही दिवस रात्री गच्चीवर जाऊन आकाशाकडे पाहत बसतो. नारळीकर खरे तर मोठ्यांसाठी लिहीत होते, पण त्या वयातला वाचक लेखकाची परवानगी विचारत नाही.

रहस्याची ओढ असणाऱ्यांसाठी आणखी एक वाट बंगालमधून येते. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या. फेलूदा तल्लख असतो, पण कथा सांगतो तो त्याचा किशोरवयीन चुलतभाऊ तोपशे. म्हणून मोठ्यांच्या जगातले गुन्हे वाचकाला आपल्याच वयाच्या डोळ्यांनी दिसतात. फेणे संपला आणि पुढे काय, असे विचारणाऱ्याच्या हातात फेलूदा ठेवला तर तो सहसा परत येत नाही. पुस्तकही येत नाही आणि मुलगाही.

मराठी वाचकांमध्ये आणखी एक उडी सर्रास दिसते, तिला जगातल्या कोणत्याच यादीत जागा सापडणार नाही. ती म्हणजे फेणेवरून थेट शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'वर. मध्ये काही नाही. सातवीत सायकलवरून चोरांचा पाठलाग, आणि नववीत कर्णाच्या रथाचे चाक जमिनीत. १९६७ ची ही जाडजूड कादंबरी किशोरांसाठी लिहिलेली नाही. तरी ती याच वयात सर्वांत उत्कटतेने वाचली जाते. आपण नेमके कोणाचे, आपल्याला इथे का बसू देत नाहीत, सगळ्यांत समर्थ असूनही आपले नाव का घेतले जात नाही; कर्णाचे हे प्रश्न चौदाव्या वर्षाला नवे नसतात. दिवाळीच्या सुट्टीत सातशेहून अधिक पाने संपवून आलेला मुलगा शाळेत पुढचे काही दिवस थोडा जपून, थोडा भारदस्त बोलतो आणि वर्गातल्या आणखी चौघांना ते पुस्तक लावतो. तिथून मग रणजित देसाईंचे 'स्वामी', सावंतांचेच 'छावा', आणि एखाद्या धीट मुलीच्या हातात खांडेकरांचे 'ययाति'.

याखेरीज एक चोरटे कपाट असते. ते कोणत्याही ग्रंथपालाने लावलेले नसते. त्यात नारायण धारपांच्या भयकथा असतात, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा असतात, सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्या असतात. महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या गल्लीतल्या लायब्रऱ्यांनी हे कपाट दीर्घकाळ सांभाळले. घरातल्या एका वर्गणीवर चार मैत्रिणी वाचत आणि पुस्तक परत करायच्या तारखेच्या आत ते चार घरे फिरून येई. शिरवळकरांच्या 'दुनियादारी'वर २०१३ मध्ये चित्रपट आला तेव्हा त्या पिढीच्या आयांनी आपल्या मुलांना हे पुस्तक आपण कसे लपवून वाचले ते हसत सांगितले. या पुस्तकांविषयी अभ्यासक्रमात काही नसते आणि पारितोषिकांच्या याद्यांतही क्वचितच असते. पण वाचण्याचा वेग, रात्री दिवा विझवायला सांगितल्यावरही आणखी एक प्रकरण उरकण्याची सवय, पुस्तक संपल्यावर लगेच दुसरे हवेसे वाटणे, या गोष्टी कित्येकांना इथेच लागल्या. भयकथेची शिफारस करताना मुले एक अट हमखास घालतात: रात्रीच वाचायचे. ती अट लेखकाने ऐकली असती तर तो खूष झाला असता.

किशोरवयाला आतून पाहणारे मराठी लेखन उशिरा आले, पण आले ते ऐन ताकदीचे. मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ ची. काळ आणीबाणीचा, वर्ग नववीचा. मुकुंद जोशी, त्याचे मित्र, त्यांची बसायची अर्धवट बांधलेली इमारत आणि वर्गातली शिरोडकर. या कादंबरीत फार काही घडत नाही असे मोठी माणसे म्हणतात. नववीतल्या वाचकाला मात्र तिच्यात सगळेच घडताना दिसते: मुलींच्या रांगेकडे न बघितल्यासारखे बघणे, सरांच्या नकला, मित्राला काय सांगायचे आणि काय दाबून ठेवायचे याचा हिशेब, घरात मामाशीच तेवढे मोकळे बोलता येणे. देशात जे चालले आहे ते वर्तमानपत्रातून आणि मोठ्यांच्या कुजबुजीतून या मुलांच्या कानावर येते आणि त्यातले त्यांना अर्धेच कळते. चौदाव्या वर्षी देशाचे राजकारण असेच कळते. सुजय डहाके यांनी केलेला चित्रपट २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यानंतर आधी चित्रपट की आधी पुस्तक, हा वाद वर्गावर्गात सुरू झाला. पुस्तक आधी वाचलेले या वादात नेहमी जिंकतात, कारण त्यांच्याकडे चित्रपटात न मावलेले पुष्कळ असते. 'शाळा'ची शिफारस करणाऱ्यांमध्ये एक अलिखित करार दिसतो. शेवट कोणी सांगत नाही. म्हणून तो इथेही नको.

प्रकाश नारायण संतांचा लंपन याच्या अगदी दुसऱ्या टोकाला उभा आहे. 'वनवास' हे पहिले पुस्तक १९९४ चे, मग 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. आई-वडिलांपासून दूर, बेळगावकडच्या कानडी मुलखात आजी-आजोबांजवळ राहणारा हा मुलगा. त्याच्या मराठीत कानडीचा हेल आहे, शाळेतले मित्र आहेत, सुमी आहे, रेल्वेचे रूळ आहेत आणि मनात सतत काहीतरी चालू आहे. लेखक भूविज्ञानाचे प्राध्यापक होते, कराडला शिकवत. मातीचे थर वाचणाऱ्या माणसाने एका मुलाच्या मनाचे थर इतक्या हलक्या हाताने उलगडावेत, हा योगायोग सुखद आहे. पण लंपनची शिफारस जपून करावी लागते. ज्याला गोष्ट पुढे सरकायला हवी असते तो पंचविसाव्या पानावर पुस्तक मिटतो. ज्याला घर सोडून दुसऱ्या गावी राहावे लागले आहे, त्याला पहिल्या पानापासून ते आपले वाटते. बदल्यांच्या वसाहतीत असे वाचक कमी नसतात. कोराडीतले मित्र मागे टाकून एकलहऱ्याच्या शाळेत डबा एकट्याने खाणाऱ्या मुलाला 'वनवास' कोणी नेमक्या वेळी दिले, तर त्याला वेगळे समजवावे लागत नाही.

इथवरची नावे पाहिली की एक गोष्ट ठळक होते. फेणे, श्याम, लंपन, मुकुंद, सगळे मुलगेच. मुलींनी ती पुस्तके वाचली, मनापासून वाचली, पण आपल्यासारखी नायिका शोधायला त्यांना बाहेर जावे लागले. शांता शेळके यांनी लुइसा मे अल्कॉटच्या कादंबरीचा केलेला 'चौघीजणी' हा अनुवाद म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या मुलीकडून मुलीकडे गेला. लिहिणारी, केस कापून टाकणारी, रागावणारी ज्यो ही कित्येक मराठी मुलींची पहिली परदेशी मैत्रीण. त्याच्या शेजारी जपानची तोत्तोचान बसली. पहिल्या शाळेने काढून टाकलेली मुलगी रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत कशी रमली, हे तिचे खरे बालपण. हे पुस्तक शिक्षकही सुचवतात आणि विद्यार्थीही, आणि दोघांची कारणे अर्थातच वेगळी असतात. अलीकडे हे चित्र थोडे बदलले आहे. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. त्याच्या मराठी यादीत २०२२ साली संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही'चे नाव आहे. त्याआधी २०१७ मध्ये ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा'ला, २०१९ मध्ये सलीम सरदार मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध'ला आणि २०२१ मध्ये नाशिकच्या संजय वाघ यांच्या 'जोकर बनला किंगमेकर'ला तो मिळाला. ही नावे मोठ्यांना पुरस्काराच्या बातमीतून कळतात. मुलांपर्यंत ती पोचतात की नाही, हे पुन्हा कोण कोणाला देते यावरच ठरते.

पुस्तक हाताला लागणे ही शिफारशीची आधीची पायरी. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. पण वसाहतीतल्या मुलाला शाळा आणि शिकवणी सांभाळून बसने तिथवर जाणे रोजचे नसते. ज्यांना जाता येत नाही त्यांच्याकडे पुस्तकांनीच जावे, हा विचार नाशिकमध्येच रुजला. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात विनायक रानडे यांनी २००९ पासून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे पाठवायला सुरुवात केली. पेटी एका घरी राहते, आसपासचे वाचक तिच्यातून पुस्तके नेतात आणि ठराविक काळाने ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. नाशिकहून निघालेल्या या पेट्या महाराष्ट्रभर आणि दुबईतल्या मराठी घरांपर्यंत गेल्या. मुलांसाठी वेगळ्या पेट्याही निघाल्या. पेटीचा खरा फायदा तिच्या आकारात आहे. हजारो पुस्तकांपुढे नवखा वाचक गोंधळतो. शंभरात तो दोन तरी उघडून पाहतो, आणि पेटीभोवती जमलेल्यांपैकी कोणीतरी "ते नको, हे घे" म्हणतेच.

हे "ते नको, हे घे" म्हणण्याचा अधिकार कोणाला, याचे एक सुंदर उदाहरण अमेरिकेत घडले. एस. ई. हिंटन 'द आउटसायडर्स' लिहू लागली तेव्हा ती स्वतः शाळेत होती. १९६७ मध्ये कादंबरी आली. मुलांच्या टोळ्यांवरचे पुस्तक मुलीने लिहिले म्हणून समीक्षकांनी ते बाजूला टाकू नये, यासाठी तिच्या नावाची फक्त आद्याक्षरे छापली गेली. पुढे १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोजवळच्या लोन स्टार शाळेतल्या मुलांनी आणि त्यांच्या ग्रंथपालबाईंनी फ्रान्सिस फोर्ड कपोला या दिग्दर्शकाला पत्र लिहिले, मुलांच्या सह्या जोडल्या आणि पुस्तकाची एक प्रत सोबत पाठवली. यावर चित्रपट तुम्हीच करा, असे त्यात म्हटले होते. कपोलाने तो केला. १९८३ मध्ये तो पडद्यावर आला. त्या मुलांनी पुस्तक योग्य माणसाच्या हातात दिले आणि पत्रात वेळ घालवला नाही. शिफारशीचे सगळे शास्त्र यात आले.

त्या शास्त्राचे काही नियम मुले न शिकताच पाळतात. ती सर्वांसाठी पुस्तक सुचवत नाहीत, एकासाठी सुचवतात. "हे भारी आहे" यापेक्षा "हे तुला आवडेल" हे वाक्य त्यांना जड वाटते आणि म्हणूनच ते पुढे जाते. नापसंतीही ती उघड सांगतात. एखाद्या गाजलेल्या कादंबरीला "मला नाही झेपली" म्हणताना त्यांना संकोच वाटत नाही, त्यामुळे त्यांच्या पसंतीवर विश्वास बसतो. काही पुस्तके थोडी थांबवावी लागतात, हेही त्यांना कळते. नेमाड्यांची 'कोसला' नववीत देण्यापेक्षा घर सोडून वसतिगृहात राहायला जाणाऱ्याच्या बॅगेत टाकावी. बाबुराव बागूल यांचा जन्म नाशिकरोडजवळच्या विहितगावचा. त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ चा कथासंग्रह अकरावी-बारावीतल्या वाचकाला द्यावा आणि दिल्यावर त्याच्याशी बोलायला वेळ ठेवावा. आपल्याच परिसरातल्या गावातल्या मुलाने पुढे हे लिहिले, एवढे सांगितले तरी पुस्तक उघडले जाते.

एकटे पुस्तक सुचवण्याचे धैर्य ज्याच्यात नाही त्याच्यासाठी माधुरी पुरंदरे यांनी ज्योत्स्ना प्रकाशनासाठी केलेले 'वाचू आनंदे' आहे. बाल आणि कुमार अशा गटांत विभागलेल्या या संचात मराठी साहित्यातले वेचक उतारे चित्रांसह एकत्र येतात. कुमार गटाचे भाग चाळणारा वाचक एखाद्या उताऱ्यापाशी थांबतो आणि मूळ पुस्तक कुठे मिळेल असे विचारतो. तो प्रश्न ज्याला विचारला जातो त्याने उत्तर तयार ठेवलेले बरे.

मोबाइलने वाचन संपवले, अशी हळहळ या वयाविषयी वारंवार ऐकू येते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. मुखपृष्ठाचा फोटो स्टेटसला ठेवला की रात्रीपर्यंत दोघीतिघी "वाचून झालं की मला" असे लिहितात. 'किशोर'चा पन्नास वर्षांपूर्वीचा अंक बसमध्ये पडद्यावर उघडता येतो. इंग्रजी माध्यमातला मुलगा हॅरी पॉटर मूळ इंग्रजीत वाचतो आणि मराठी माध्यमातला त्याचा शेजारी मराठी अनुवादात, आणि दोघे संध्याकाळी त्याच पात्रांवर भांडतात. साधने बदलली. कोणीतरी आपल्यासाठी निवडले आहे, ही भावना मात्र पडद्यावरच्या आपोआप येणाऱ्या सूचनांना अजून देता आलेली नाही.

तेरा ते अठराच्या मराठी वाचकांसाठी पुरेशा कादंबऱ्या नाहीत, ही तक्रार खरी आहे आणि ती लेखक-प्रकाशकांकडे पोचायलाच हवी. पण ज्या आहेत त्याही बहुतेकांपर्यंत पोचलेल्या नाहीत, आणि हे काम लेखक करू शकत नाही, पुरस्कारही करू शकत नाही. ज्याने 'शाळा' किंवा 'वनवास' वाचून संपवले आहे त्याने ते वर्गातल्या एकाच जणाला, विचार करून, द्यावे. प्रतीवर आपले नाव घालावे, शेवट सांगू नये, आणि पुस्तक परत मागायला लाजू नये.